‘त्याला मामा आहे’ या उत्तराबाबत

लिहून देणार: डायसन कापालामूला, वय अंदाजे शहात्तर, धंदा स्वयंपाक, राहणार देडझा, मलावी. छाती दुखते, पण डोकं ठिकाणावर आहे. मला लिहिता-वाचता येतं. ज्याच्याकडे मी आचारी होतो त्या हॉलिस साहेबाच्या पुस्तकात हे आलेलं नाही, म्हणून इथे नमूद करतो. कोणाचा दबाव नाही. याआधी मृत्युपत्राचा कागद केलेला नाही.

१. माझ्या सुऱ्या, लोखंडी पातेली आणि कोळशाची इस्त्री बहिणीचा मुलगा मावुतो यास द्यावी. मोठ्या सुरीची मूठ सैल आहे, जपून वापरावी. आमच्यात पोराचं बघतो तो मामा, आणि वारस भाचाच. त्याचं शिक्षणही मीच केलं.

२. साहेबाचं ते विनोदी पुस्तक. त्यातला ‘संडे’ नावाचा बावळट आचारी म्हणजे मी. माझं नाव त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने वार चिकटवला. आमच्या गावप्रमुखाने बोलता बोलता, आमच्यात दोस्ताचा धरतात तसा, त्याचा हात धरला आणि तसाच धरून चालला, तर साहेब घामाघूम. त्यावर तीन पानं. त्याला मलेरिया झाला तेव्हा नऊ दिवस त्याचा हात मी धरून बसलो होतो, त्यावर एक ओळ नाही. पुस्तक कोणास देऊ नये. चुलीत घालून त्यावर चहा करावा.

३. त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट अशी. दुपारी जेवायला आठ पाहुणे. साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, “संडे, भाच्याची फी तू भरतोस. मग तुझ्या पोराचं कोण बघणार?” मी सूप वाढत म्हणालो, “त्याला मामा आहे की.” पाहुणे हसून लोळले. इथवर पुस्तक खरं आहे.

गाळलेलं मी लिहितो. तो मामा, म्हणजे माझा मेव्हणा येरेमिया, आदल्या दिवशी वारला होता. त्याच दुपारी त्याला पुरायचं होतं. सकाळी मी रजा मागितली, कारण सांगितलं. साहेब म्हणाला, “आज पाहुणे आहेत. मेलेल्याला सूप लागत नाही.” मी थांबलो. नोकरीला घाबरलो, ही चूक माझीच. आणि दुपारी त्याने तो प्रश्न विचारला, तेव्हा सकाळचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. लोक जेवत असताना मरणाचं बोलू नये, म्हणून तोंडातून नेहमीचंच उत्तर गेलं.

आमच्यात जावई बायकोच्या गावी राहतो. मेव्हण्याच्या मयताला न आलेल्या जावयाला कोण ठेवील? संध्याकाळी पोचलो, तर माझी चटई आणि कपडे रस्त्यावर ठेवले होते. बायको एलुबी पाठ करून बसली. आमचा लिम्बानी तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे शाळेत त्याने ते पुस्तक वाचलं आणि निरोप धाडला, “बापच म्हणतो मला मामा आहे. मग बाप कशाला हवा?” त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. मेलो, तरी हे मला सोसवणार नाही.

४. देडझाचं पत्र्याचं घर माझ्या कमाईचं आहे. ते लिम्बानीस द्यावं. म्हाताऱ्याला रिवाज कळत नाही, असं कोणी म्हणू नये. मावुतोला आधी विचारलं. तो म्हणाला, “मामा, माझं तुम्ही सगळं केलंत. आता त्याचं बघा.” लिम्बानीने घर पाडलं तरी चालेल, पण कागद त्याच्याच हातात द्यावा.

५. साहेब अजून जिवंत आहे, झोम्बाला राहतो. माझ्या मयताला तो येणारच. गोरा पाहुणा म्हणून आमचे लोक त्याला मानाने बोलायला उभं करतील आणि तो पुन्हा तीच गोष्ट सांगेल. त्याला खुर्ची द्यावी, मक्याच्या पिठाची न्सिमा पोटभर वाढावी, बोलू देऊ नये. मी त्याला माफ केलेलं नाही. पाद्रीबुवांनी प्रार्थनेत तसं घुसडू नये.

त्याऐवजी तिसरं कलम मोठ्याने वाचावं, साहेबाकडे तोंड करून. लिम्बानी आला असेल तर त्याने, नाहीतर मावुतोने. त्यानंतर, त्या दुपारी द्यायचं राहून गेलेलं उत्तर वाचावं:

“साहेब, त्याच्या मामाला आत्ता पुरतायत. पण पोराला मी आहे. मी त्याचा बाप आहे.”

सही: डायसन कापालामूला
घराबाबत माझी हरकत नाही: मावुतो
साक्षीदार: ग्रेशम न्खोमा, शिंपी, फालेस चिसाले, सुईण
देडझा, ९ ऑगस्ट २०१९