दाबलेला सांगावा

सर, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं उलटली, तरी माझा राग काही गेलेला नाही. साताऱ्याच्या कॉलेजात बाहत्तर साली तुम्ही ती इंग्रजी कविता शिकवत होतात. खेड्यातल्या कबरींत निजलेली गरीब माणसं, ज्यांची नावं जगाला कधी कळलीच नाहीत. मी आपला हौसेनं उठलो. "सर, नावं कुणालाच ठाऊक न्हाईत, असं कसं? माझ्या बापाला विचारा की. धा गावची मेलेली माणसं त्याला तोंडपाठ हायत." गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन माझा बाप पळायचा, पार उंब्रजपर्यंत. दाराबाहेर उभं राहून सांगायचं, मिळाली तर भाकरी घ्यायची आणि पुढचं गाव गाठायचं. छप्पन साली आम्ही धर्म बदलला, तेव्हा त्यानं ते काम टाकलं. तुम्ही चष्मा पुसलात. "सांगावेवाल्याच्या पोराला मरणाची बातमी कळते, कविता नाही. बस खाली." वर्ग खो खो हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सात वर्षांनी सांगलीच्या माझ्या ऑफिसात कॉलेजच्या शिपायाचा फोन आला. "सर गेलं वो. सख्खं कुणी न्हाई त्यांना, आन सुट्टीमुळं कॉलेजबी रिकामं हाय. सांगलीत त्यांनी शिकवलेली लय पोरं हायत, तुमी तेवढं कळवा. चारला माहुलीच्या घाटावर न्यायचंय." सगळ्यांचे पत्ते मला पाठ होते. फोन ठेवला आणि मनात म्हटलं, आमी ते काम सोडलंय, सर. दिवसभर फायली उपसल्या. चारच्या ठोक्याला चहा मागवला, आणि खरं सांगतो, तो गोड लागला.

दोनच दिवसांनी शिपाई भेटला. म्हणाला, चौथा खांदा टांगेवाल्यानं दिला. तेव्हा कुठं ती कविता मला कळली. कितीही साधा माणूस असो, आपण गेल्यावर कुणीतरी घटकाभर थांबावं, एवढंच त्याला हवं असतं. कवितेतल्या त्या माणसांना निदान गावानं पोचवलं होतं. तुम्हाला मी तेवढंही मिळू दिलं नाही. बरी जिरली, असंही वाटलं.

त्या रविवारी गावी गेलो आणि तुम्ही वारल्याचा फोन मला आला होता, हे बापाला सांगितलं. ज्यांनी त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, त्यांचाही सांगावा त्यानं दाबला नव्हता. जेवता जेवता त्यानं विचारलं, "सांगावा पोचवलास न्हवं समद्यास्नी?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग झालं," म्हणून त्यानं भाकरी मोडली. तो गेला तोवर ते खोटं मी मागं घेतलं नाही. तुम्हाला हे लिहितोय, सर, कारण त्याला लिहायचा धीर होत नाही.