हिराबाईला टीबी नाही, असा कागद

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, करवंदेपाडा,
ता. मुरबाड, जि. ठाणे.

विषय : पत्नीस क्षयरोग नसल्याचा लेखी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराची तोंडी विनंती, दि. २७ जानेवारी व २ फेब्रुवारी २००४.

महोदय,

अर्जदार कमळाकर बुधाजी विशे सविनय सादर करतो की, अर्जदाराची पत्नी सौ. हिराबाई, वय ४६, हिने तीस वर्षे चुलीवर रांधले. बिडी तिने कधी तोंडाला लावली नाही. गेल्या भाद्रपदात खोकला व धाप सुरू झाल्यावर आपल्या केंद्रात केसपेपरवर "टीबी संशयित" असे लिहिले गेले. थुंकी तपासायची बाकी होती. पण ते दोन शब्द तिच्या आधी गावात पोचले.

सून रेश्मा हिचे वडील किन्हवलीहून आले व मुलीस आणि आठ महिन्यांच्या नातीस घेऊन गेले. "विहीनबाईंचा रोग गेला की पाठवू," म्हणाले. पुढे अर्जदाराने केले ते लपवीत नाही. गोठ्याला लागून कुडाची पडवी बांधली व हिराबाईस तेथे वेगळी चूल मांडून दिली. पडवीस खिडकी नव्हती. "हितं धूर कोंडतो वो," ती म्हणाली. "थोडे दिस काढ," अर्जदार म्हणाला. त्या थोड्या दिवसांचे तीन महिने झाले.

दि. १८ जानेवारीस सकाळी तिचे ओठ निळे पडले. जीपने ठाण्यास नेले, ऑक्सिजन लावला. थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा जंतू नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून विचारले, "बाई चुलीपुढे किती वर्षं बसतात?" मग म्हणाले, "फुफ्फुसं धुरानं गेलीत. हा रोग कुणाला लागत नाही." त्याच वॉर्डात आपल्या भागातल्या आणखी तीन बायका तशाच धापा टाकीत होत्या.

डॉक्टरांचा कागद इंग्रजीत आहे. व्याही म्हणतात, "मराठीत आना, आपल्या दवाखान्याच्या शिक्क्याचा." आपल्या कार्यालयात सांगण्यात आले की, रोग नसल्याच्या दाखल्याचा नमुनाच नाही. दुसऱ्या खेपेस कळले की, बरा झाल्याचा दाखला मिळतो, परंतु त्याआधी सहा महिने गोळ्या खाव्या लागतात. नसलेला रोग बरा करून घेण्यासही अर्जदार राजी झाला होता. ते ऐकून हिराबाई वॉर्डातल्या खाटेवर उठून बसली. "माझ्या अंगात नाय त्ये मी का म्हनून कबूल करू? आधी तुमी कबूल केलंत, म्हनून मी हितं हाय."

काल अर्जदाराने पडवी मोडून टाकली.

उद्या तिला घरी सोडणार आहेत. अर्जदारास स्वतःकरिता दाखला नको. नमुना नसल्यास साध्या कागदावर दोन ओळी व शिक्का द्यावा, ही विनंती. हिराबाईने नातीस चार महिने पाहिलेले नाही. पोर आता भिंत धरून उभी राहते, असे ऐकतो.

दोन ओळींची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही) कमळाकर बुधाजी विशे
दि. ४ फेब्रुवारी २००४

सोबत : १) ठाण्याच्या रुग्णालयाचा कागद. २) थुंकी तपासणीचे तीन अहवाल. ३) कोरा कागद एक.