हाकेमागची शिट्टी

११ मार्च

पोहोचलो. ताईचं संशोधन केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन खाटा आणि सर्वत्र बुरशी. माझ्या चामडी पट्ट्याला आल्या आल्या हिरवी लव फुटली! ‘इथे जे थांबतं ते कुजतं, कुजतं ते कुणाच्या तरी पोटात जातं. तू आपला हलत राहा, शास्त्रीबुवा.’ पन्नाशीतल्या भावाला ताई अजून संस्कृत पाठशाळेवरून चिडवते.

काम सरळ आहे. रस्त्यासाठी जंगलाचा पट्टा तोडायचा की नाही, याची सुनावणी सोमवारी. पट्ट्यात धनेश पक्षी आहे असं ठरलं तर तोड थांबेल. कित्येक वर्षांत तो कुणाला दिसलेला नाही. ताई त्याला शोधतेय, मी वर्तमानपत्रासाठी ताईचा शोध लिहितोय.

१२ मार्च

जंगल पाहिलं. अजस्र झाडं, खाली भर दुपारी काळोख — आणि रोपं जवळपास नाहीतच. ताईने बुटाने फळांचा थर उकरला. सगळा आंबूस चिखल.

‘धनेश फळ गिळतो, गर पचवतो आणि स्वच्छ बी लांब दुसऱ्या कुठल्या झाडाखाली टाकतो. आईच्या पायाशी पडलेलं बी वाचत नाही रे, किडे खातात. पक्षी मारले माणसांनी, लेकरं थांबली झाडांची.’

म्हणजे ही उभी आहेत ती निपुत्रिक म्हातारी. घर भरलेलं, पाळणा हलत नाही. मला वर बघवेना.

धनेशाची मादी म्हणे झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून फटीतून भरवतो. ‘नवरा असावा तर असा,’ मी म्हटलं. ताई हसली नाही. भावजी नाहीत हे विसरलोच होतो.

परतताना तोडीची लाल खूण केलेल्या एका जाडजूड झाडाखालून एक बी उचललं. गुळगुळीत, कुणी पॉलिश केल्यासारखं. टेबलावर कागद दाबायला होईल.

१३ मार्च

महिनाभर ताई हेच करतेय — धनेशाची जुनी हाक कर्ण्यावरून वाजवायची आणि उत्तराची वाट बघायची. हाक यंत्रावर टिपली होती भावजींनी. टिपण संपलं की ते दोन सुरांची शिट्टी मारायचे. म्हणजे, झालं, आता खोकायला-बोलायला मोकळे! ते जाऊन बराच काळ लोटला. ताई दर वेळी शिट्टीसुद्धा पूर्ण वाजू देते. बटण आधी बंद करत नाही.

वरून उत्तर आलं नाही. 

१४ मार्च

उत्तर आलं!! उंच फांद्यांतून तीच घोगरी हाक. ताईने माझा दंड असा धरला की वळ उठला.

‘प्रत्यक्ष नाही, पण शब्दप्रमाण तरी —’

‘गप रे! लिही आधी!’

लिहिलं. ‘धनेश परतला.’ संपादक फोनवर खूश: ‘पहिल्या पानावर घेतो. फोटो?’ पक्षी लाजतोय, म्हटलं.

१५ मार्च

सकाळी ओट्यावर चहा. कर्णा आत, बंद. हाक आली. आणि तिच्यामागून शिट्टी. दोन सूर, दुसरा जरा चढा.

भावजींची.

ताईचा कप ओठांशीच थांबला. 

मग तो दिसला — काळा, शेपटीला दोन लांब तारा. कोतवाल पक्षी. दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. नाव कोतवालाचं, धंदा बहुरूप्याचा! आमच्याच कर्ण्याने शिकवलं, आणि त्याचीच साक्ष आम्ही घेतली.

‘सोमवारनंतर सांगू,’ मी म्हटलं. ‘कुणाला कळतंय?’

ताई वर बघत राहिली. ‘त्यांचा आवाज आहे त्यात. त्यांच्या तोंडून खोटं वदवू?’

संपादकांना फोन केला. ‘अहो, आजच छापलीय, आणि आजच मागे?’

१६ मार्च

खुलासा छापून आला. चौथ्या पानावर, कोपऱ्यात.

१७ मार्च

सुनावणी. ताईने होतं तसं सांगितलं — कोतवाल, फळं, रोपं, सगळं. अधिकारी अगदी नम्र. ‘बाई, पक्षी नाही तर जंगल मरतंच आहे, हे तुम्हीच म्हणताय. मग रस्त्याने काय बिघडणार?’

तर्क बिनचूक होता. पाठशाळेत शाबासकी मिळाली असती.

परवानगी दिली.

१८ मार्च

निघालो. पायवाटेवर मागून शिट्टी. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं नाही.

२ एप्रिल

घरी. बी टेबलावर. बायको म्हणते, ‘बघत काय बसता त्याच्याकडे? उगवणार आहे का ते?’

६ एप्रिल

ताईचा फोन. ते लाल खुणेचं जाडजूड झाड आज पाडलं. वर ढोली होती. तोंड लिंपलेलं, चोचीपुरती फट ठेवून. आत मादी आणि पिल्लू. दोन्ही गेली.

‘घरटं असलं की नर गप्प असतो रे. ठाऊक होतं मला. आणि मी हाका मारत बसले.’

बुंध्याशी दुसऱ्याच झाडांच्या स्वच्छ बिया पडल्या होत्या, म्हणाली. कुणी वाकून बघितलं असतं तरी पुरे होतं.

मी हूं म्हटलं. टेबलावरचं बी मुठीत होतं. तिला सांगितलं नाही.