शेंदूर

मांडवी, १२ नोव्हेंबर १९८७

प्रिय वेलजी,

आज सकाळी तुझ्या पाळियाला, तुझ्या नावाच्या दगडाला, शेंदूर लावला. कंकूनंच लावला. दुपारी खिचडी केली, ती कोणी फारशी खाल्ली नाही. चारच्या बसनं तुझी बायको कंकू आणि पोर हिरू भुजला, कंकूच्या माहेरी गेल्या. घरात आता मी एकटीच आहे.

तुझा दगड जुन्या कोटाच्या भिंतीखाली बसवला आहे, समुद्रात राहिलेल्या सगळ्या खारव्यांच्या रांगेत. देवशी सलाटानं त्यावर तुमचं वाहन, ते शिडाचं गलबत, सुरेख कोरलंय, सुकाणूपाशी तू उभा. दिवाळीआधी तो बसवला तेव्हा रीतीप्रमाणे बहीण म्हणून मी पाण्याकडे तोंड करून तुला नावानं हाक मारली. त्यावर लगेच कंकूनं शेंदूर लावायचा, म्हणजे हाकेला आलेल्याला दगडात जागा मिळते. पण तिनं वाटीच भिरकावली. "मी अजून बांगड्या उतरवलेल्या नाहीत. या धोंड्याला नवरा म्हणू?" असं ओरडून ती घरी निघून गेली. तिला बळजबरी कोणी करायची? शेंदूर तसाच राहिला.

त्यानंतर रोज सकाळी आपला उंबरा ओला दिसू लागला. बोट लावून चाखलं तर खारट. कंकू तो पुसू द्यायची नाही, उलट तुझं ताट वाढून ठेवायची. देवशी ओसरीवर येऊन म्हणाला, "पुरीबेन, पाहुण्याला हाक मारलीत आणि दार लावून घेतलंत. तो आता जाईल कुठे?" मी त्याला चहा दिला आणि दुसरंच काही बोलत बसले.

मग हिरू कोटाखाली एकटीच हसताना दिसू लागली. विचारलं तर म्हणाली, "फई, बापा म्हणतात पाणी कोमट आहे, ये." काल भर दुपारी ती छातीभर पाण्यात सापडली. एक हात वर, कुणी बोट धरून नेत असावं तसा. कंकूनं तिला ओढून आणलं, कोरडं केलं आणि मग एका कोपऱ्यात बसून स्वतःच्या बांगड्या उतरवल्या.

आज शेंदूर लावून परतताना वाटलं, झालं. पण ताटावर बसल्यावर हिरू म्हणाली, "बापांना दगडात करमत नाही. शेजारी जागा आहे म्हणतात." कंकूनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि त्यांचं सामान बांधायला घेतलं.

हे सांगण्यासाठीच लिहिते आहे. भुजला समुद्र नाही. पोरीला शोधत जाऊ नकोस, तिला मोठी होऊ दे. तुला बोलावलं ते मी. फारच एकटं वाटलं तर मलाच हाक मार. मला पोहता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी येईन.

आता बाजरीचं पीठ मळते, एका रोटल्यापुरतं.

तुझीच,
पुरी