साच्याची माती हौद्यात

आप्पा, तुमचा कुस्तीचा हौदा मी पुन्हा उकरला. तुम्ही गेल्यापासून आठ वर्षं त्यात कोणी लंगोट बांधून उतरलं नव्हतं. फाळणीनंतर पलीकडून आलेल्या एका कुटुंबाने त्यावर ताडपत्री ताणून वर्षभर संसार केला, ते गेल्यावर आईने चुलीची राख टाकली, मग सगळ्या गल्लीनेच टाकली. कलकत्त्याच्या कसब्यातल्या आपल्या दोन खोल्यांमागची ती चौकट मी तीन रविवार खणत होतो. राखेखाली तुमची लाल माती लागली, मिदनापूरहून पोत्यांनी आणलेली. तिला अजून तेलाचा आणि ताकाचा वास होता. निदान मला तरी आला.

का उकरला, तेही सांगतो. रागावलात तरी आता तुमचा हात माझ्या कानापर्यंत पोचणार नाही. एक मुलगी आहे. रुळांच्या अलीकडे आपण, पलीकडे बालीगंजात ती. वडील सरकारी अधिकारी, नागपूरहून बदलून आलेले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ती लहान मुलांचं नाटक बसवत होती. मला म्हणाली, "तुमचं मराठी ट्रामसारखं आहे हो. दर थांब्यावर एक बंगाली शब्द चढतो, आणि उतरत कोणीच नाही." त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. मी पत्रं लिहिली, अकरा. दहा तिच्यापर्यंत पोचली, अकरावं तिच्या भावाला सापडलं. तो माझ्याच कॉलेजात, एक वर्ष पुढे. त्याने ते कँटीनमध्ये टेबलावर उभं राहून वाचलं, माझ्या आवाजाची नक्कल करत. "ऐका, ऐका! भट्टीवाल्याचे चिरंजीव लिहितात, यांच्या छातीत लोखंड वितळतंय!" सगळे हसले. मी स्टूल उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. दोन दात पडले. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग. मी माफी मागण्याऐवजी कॉलेजच सोडलं आणि तुमच्याच लोखंड ओतायच्या कारखान्यात तुमच्या मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. पाचव्या दिवशी आईने तुमचा जुना डबा घासून माझ्यापुढे ठेवला.

दोन महिन्यांनी तो भाऊ रेल्वे फाटकाशी भेटला. दात बसवून घेतले होते. "स्टुलाने कोणीही मारतो रे," म्हणाला. "तुझा बाप पैलवान होता म्हणे. मातीत ये की. मला पाडलंस तर तुझं पत्र मी स्वतः तिच्या हातात देईन. पडलास तर परत आमच्या दारावरून जायचं नाही." मी हो म्हणालो. खरं सांगू? ते पत्रबित्र राहू दे, मला त्याचं हाड मोडलेलं ऐकायचं होतं.

तुमची माती आता नुसती भुकटी झाली होती, मुठीत धरली की बोटांतून गळायची. तुम्ही अशा वेळी काय करायचात ते मला आठवत होतं. मी दहा वर्षांचा आहे, तुम्ही कारखान्यातून आलाय, धोतराच्या सोग्यात ती पिवळट, पिठासारखी माती आहे. राजस्थानातून पोत्यांनी येणारी. साच्याच्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून ती घालतात. साहेब तिला बेंटोनाइट म्हणतात, मिस्त्री नुसतंच बेंटो. "पाटीला एक मूठ," तुम्ही सांगताय, "जास्त न्हाई. ही लई तहानेली असती, पोरा. पाणी पाजलं की फुगती. वरनं जमीन दिसती, आत लोणी. पाय गेला की सोडत न्हाई." आणि मग तुमची ती परीक्षा, साच्यालाही तीच आणि हौद्यालाही तीच. माती मुठीत आवळायची, उघडायची, मधोमध मोडायची. भुगा झाला तर कोरडी. कड स्वच्छ तुटली तर बरोबर. बोटांतून बाहेर आली तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. एकदा मी न बघताच शेजारच्या पोराला आत उतरवलं. "मूठ केलीस?" "विसरलो, आप्पा." तुमची थप्पड अशी बसली की संध्याकाळपर्यंत कानात भोंगा वाजत होता. "विसरलो म्हंजे? माणूस उतरतोय आत!" मग शंभर मुठी करून घेतल्यात. रडत केल्या. शेवटची मोडून दाखवली तेव्हा तुम्ही माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवलात.

आणि पाच वर्षांनी तुम्हाला त्याच गोष्टीने नेलं. कोणीतरी मूठ न करता साचा भरला, आत ओल राहिली, ओतलेलं लोखंड उसळून तुमच्या अंगावर आलं. तो माणूस अंगणात बसून एकच म्हणत होता, "भूल गया, भाई, भूल गया." मी पंधरा वर्षांचा होतो. सळई घेऊन त्याच्या डोक्याकडे धावलो होतो. मिस्त्रीने मला पोटाशी आवळून धरलं, मी त्याचा हात चावून रक्त काढलं. ती खूण त्याच्या मनगटावर अजून आहे. हौद्यासाठी मला बेंटोची अर्धी गोणी देताना त्याच हाताने त्याने पाच बोटं दाखवली. "सौ में पाँच, बेटा. और पानी सँभाल के."

रविवारी सकाळी तो भाऊ आला, बरोबर चार मित्र. त्यातल्या एकाने बूट न काढताच आत पाय टाकला, मी त्याला गचांडी धरून बाहेर फेकला. सलामी झाली. आप्पा, तो कच्चा नव्हता. पहिल्याच झटक्यात त्याने माझी मान काखेत धरली आणि डोळ्यांपुढे काळं आलं. मी त्याच्या बरगड्यांत कोपर घातलं, त्याने माझ्या कानावर गुद्दा दिला, तोच कान. ही कुस्ती नव्हती, आम्ही दोघंही मारत होतो. "अरे सोड की, भट्टी!" तो धापा टाकत हसतो आहे, आणि मी त्याला ढकलतो आहे, मागे, भिंतीकडच्या कोपऱ्याकडे. तिथे त्याचा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. त्याच क्षणी मी ढाकेचा डाव टाकला. अंग फिरलं, पाय फिरला नाही. फळी मोडल्यासारखा आवाज झाला. तो किंचाळला आणि मी थांबलो नाही. मी त्याच्या पाठीवर बसलो आणि त्याचं तोंड त्या पिवळ्या चिखलात दाबलं. त्याचे हात माती खरवडत होते. मी मोजत होतो, त्याने वाचलेल्या एकेक ओळीसाठी. चौघांनी मला ओढून काढलं तेव्हा त्याच्या नाकपुड्या बुजल्या होत्या; एकाने बोट घालून माती काढली तेव्हा त्याने श्वास घेतला. तो श्वास अजून ऐकू येतो.

गुडघा गेला त्याचा. काठीशिवाय चालणार नाही म्हणतात. सगळ्यांनी दोष मातीला दिला. नवखा मुलगा, अंदाज चुकला, पाणी जास्त झालं. मिस्त्री संध्याकाळी येऊन हौद्याच्या काठावर उकिडवा बसला, त्या कोपऱ्यात बोट घालून बघितलं, ते माझ्याकडे न बघता धोतराला पुसलं आणि चहा न घेता गेला.

दहा दिवसांनी ती आली. आईसमोरच बसली. मी सगळी पत्रं भरून तुमच्या मुठीबद्दलच लिहिलं होतं, तेव्हा तिला विचारायचं काय ते ठाऊक होतं. "दादा म्हणतो तुम्ही मुद्दाम केलंत. मला एवढंच सांगा, त्या सकाळी मूठ केली होती का?" मी म्हणालो, "विसरलो." तिने बराच वेळ माझ्या हातांकडे बघितलं. मग डोळे पुसले. "विसरला असाल तर मी घरी भांडेन," म्हणाली. "मुद्दाम असेल तर मात्र आत्ताच सांगा." मी परत तेच म्हणालो. ती भांडली, आप्पा. दहा दिवस जेवली नाही. उद्या तिचे वडील तिला घेऊन आपल्याकडे लग्नाचं बोलायला येणार आहेत. आईने उसनी खुर्ची आणून ठेवली आहे.

हे कागद तिला देता आले असते. उद्या ती येईल, तिच्या हातात ठेवले की झालं. ठेवणार नाही. तुमच्या डब्याच्या तळाशी घडी करून ठेवतो, वर झाकण. तुम्हाला तरी खोटं सांगत नाही. त्या सकाळी मी भिंतीकडच्या कोपऱ्यात बसून मूठ केली होती. तुम्ही शिकवलीत तशीच, आवळून, उघडून. मोडायची वेळच आली नाही, माती बोटांतून बाहेर आली. मी हात धुऊन टाकले, वर कोरडी लाल माती पसरली, आणि पसरण्याआधी आणखी एक बादली पाणी ओतलं.