एका बैठकीत एकच निर्णय

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, माझं वाक्य संपायच्या आत तुझा सल्ला तयार असतो, म्हणून लिहितेय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तू आमचं सॉफ्टवेअर चालतं त्याच हॉस्पिटलात ठरवलंस. धाकटीचं काम आहे तिथे, काळजी नाही, असं सगळ्यांना सांगत सुटलायस म्हणे. पण काळजी आहे, दादा.

कुणाला कुठलं औषध कधी दिलं, याची नोंद आमचं सॉफ्टवेअर ठेवतं. त्याची रचना ठरवायची आमची एक पद्धत आहे: एका बैठकीत एकच निर्णय. साहेबांना विषयाला फाटे फुटलेले खपत नाहीत. पहिल्या बैठकीत ठरलं, नेटवर्क गेलं तरी नर्सच्या टॅबवर नोंद करता यावी. दुसरीत ठरलं, ती नोंद मुख्य यंत्रणेत सावकाश पोचली तरी चालेल. तिसरीत, पाळी बदलली की नव्या नर्सला मुख्य यंत्रणेतलीच यादी दिसावी. एकेकटा बघ, तिन्ही निर्णय शहाणे आहेत. आता एकत्र बघ. नेटवर्क गेलंय, पहिल्या पाळीच्या नर्सने इंजेक्शन दिलं, नोंद तिच्या टॅबमध्येच अडकली, ती घरी गेली. दुसरीच्या यादीत ते इंजेक्शन अजून द्यायचंच आहे. ती देते.

मी तिन्ही निर्णय फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले. साहेब म्हणाले, मिटलेले विषय उकरू नका, नवा विषय म्हणून द्या, नंबर लागेल. पालथ्या घड्यावर पाणी. ऑफिसातली पोरं मला आता 'पण-बाई' म्हणतात, आणि हसतात. मीही हसायचे आधी.

गेल्या आठवड्यात त्याच हॉस्पिटलात एका आजोबांना झोपेचं औषध दोनदा गेलं. वाचले कसेबसे. अहवालात नर्सचा निष्काळजीपणा लिहिला आणि तिला घरी बसवलं. मी वरपर्यंत जाऊन भांडले, तर मलाच दुसऱ्या कामावर टाकलं. मी थकलेय रे. आता कुणाला सांगायचं तेच कळत नाही.

आईला तिथे नेऊ नकोस. एवढं मागायलाच हे पत्र. तिने कारण विचारलं तर खुशाल माझं नाव सांग, चिडू दे माझ्यावर. पण हे लिहूनही जीव हलका होत नाहीये, दादा. तिची खाट काही रिकामी राहणार नाही. त्या दिवशी तिथे दुसऱ्या कुणाची तरी आई झोपेल, आणि तिच्या मुलाला असं पत्र लिहिणारं कुणी नसेल.

तुझंच,
शेंडेफळ