नऊ नावे आणि एक पळी

मृत्युपत्राच्या आरंभी देवाचे स्मरण करावे असा प्रघात आहे. मी तक्रारीने आरंभ करतो. गेले वर्षभर या घरात माझी पितळेची पळी कोणीतरी हलवते. पंचपात्रातली, तर्पणाची पळी. ती एकदा तांदळाच्या डब्यात सापडली, एकदा योगाच्या चटईत गुंडाळलेली, आणि या दिवाळीत फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. घरात माणसे तीन: मी, पत्नी सुरेखा आणि सतरा वर्षांची कन्या तन्वी. दोघीही आरोप नाकारतात. या प्रकरणाचा छडा लागेपर्यंत मृत्युपत्र करू नये असा माझा विचार होता, पण वकीलबाईंनी तारीख दिली.

तर मी, श्रीनिवास निशिकांत उकिडवे, वय वर्षे चोपन्न, मूळचा पुण्याचा, एकवीस वर्षे सिंगापूरचा, राहणार मरीन परेड, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तके लिहिणारा, आज शुद्धीवर असताना आणि कोणाच्या दडपणाखाली नसताना पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. वकीलबाईंचे म्हणणे, इंग्रजीत हे दोन पानांत झाले असते. मी त्यांना म्हटले, इंग्रजीत मला मरता येईल, भांडता येणार नाही. अधिकृत भाषांतर सोबत आहे.

कलम १. राहता फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि घरातल्या सर्व वस्तू, पुढे वगळलेल्या सोडून, सुरेखाला. सीपीएफ, म्हणजे इथला भविष्यनिर्वाह निधी, मृत्युपत्रात येत नाही, त्याचा वेगळा फॉर्म असतो. तो तिने माझ्याकडून २०११ सालीच भरून घेतला आहे, यावरून या घरात व्यवहार कोण पाहते ते न्यायालयाच्या ध्यानात यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तसेही माझ्या हयातीत कशाचीही अंमलबजावणी दुसऱ्या कोणी केलेली नाही.

कलम २. संस्कृतचे कोश, व्याकरणे आणि पोथ्या, मी शिकलो त्या पुण्यातल्या पाठशाळेला. बोटीने पाठवाव्यात. त्यांना घाई नाही, कधीच नव्हती.

कलम ३. आमच्याच ब्लॉकमध्ये राहणारे माझे मित्र धनेश रांगणेकर, जहाजावरचे इंजिनिअर, यांनी नऊ वर्षांपूर्वी गणपतीत मोदकांसाठी माझी खवणी नेली. ती अजून परत आलेली नाही, त्या अर्थी मोदक अजून चालू असावेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकीलबाईंनी सांगताच मी धनेशला साक्षीदार नेमले. खवणी सुरेखाला परत करावी.

कलम ४. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचे संपादक सुबोधराव यांनी इथल्या पहिल्या मराठी माणसांवरचा माझा सतरा पानी लेख अर्ध्या पानावर आणला आणि उरलेल्या जागेत कॉन्डो संकुलाची जाहिरात छापली. त्यांना मी मूळ सतरा पाने देतो. क्षमा देत नाही. पाने वाचून झाल्यावर विचार करता आला असता, पण तेव्हा मी नसेन.

कलम ५. माझी खरी मालमत्ता इथे आहे. निळ्या कापडी बांधणीची एक वही, तिच्यात नऊ माणसे. ही वही मला शशिकांतकाकांनी दिली. ते निवृत्त आगबोटवाले. म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून त्यांनी ती भरली आणि अकरा वर्षांपूर्वी, जाण्याच्या महिनाभर आधी, माझ्या हातात ठेवली. ही माणसे इथे आली तेव्हा एम्प्लॉयमेंट पास नव्हता, लिटिल इंडियात चोवीस तास उघडे दुकान नव्हते, आणि आमचा फ्लॅट ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनही नव्हती. तिथे समुद्र होता. त्यांची राख याच किनाऱ्यावरून सोडली, असे काका सांगत. म्हणजे आता ती भरावाच्या वाळूत, आमच्या इमारतीखाली कुठेतरी असणार. सुरेखाला हे ऐकायला आवडत नाही. मी तिला सांगतो, भाडे तर आपल्याकडे मागत नाहीत.

वही हरवू शकते. मृत्युपत्र न्यायालय जपून ठेवते. म्हणून नावे इथे उतरवतो. भाषांतरकारांनी नावांना हात लावू नये.

सखाराम तांडेल, देवगडचे. गोदीत साखळी तुटली, तिच्याखाली गेले. यमुनाबाई, खानावळवाली, पहिले विरजण कुठून मिळवले ते तिने शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही, बाळंतपणात गेली. तिची मुलगी, एका दिवसाची, बारसे झाले नाही, म्हणून वहीत ‘यमुनेची मुलगी’ हेच नाव. रघुनाथ, जमीन मोजणीची साखळी ओढणारा. दलदलीतल्या तापाने, पाच दिवसांत. काशिनाथ, सगळ्यांची पत्रे लिहून देणारा. सखाराम गेले तेव्हा त्यांच्या खिशात एक पत्र सापडले, ते याच्याच हातचे. द्वारका, काशिनाथची बायको. नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी. गंगाराम. सोनू आचारी; बोट त्याला आजारी टाकून निघून गेली. भिकाजी, जपानी अमलात, उपाशी.

सातव्या नावासमोर मी काही लिहिले नाही, कारण वहीतच काही नाही. काकांच्या अक्षरात एकच शब्द. गाव नाही, धंदा नाही, कशाने मेला ते नाही. बाकीच्यांचे नाव विसरले तरी त्यांची गोष्ट उरते. गंगारामचे नाव गेले की गंगारामच गेला.

दर सर्वपित्री अमावास्येला सकाळी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जाऊन मी माझ्या वाडवडिलांनंतर या नऊ जणांना तीळपाणी देतो. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे असा नियम आहे, म्हणून सगळे काश्यप. त्यामुळे काशिनाथ आणि द्वारका हे नवराबायको सगोत्र ठरतात. हा दोष मला मान्य आहे. समुद्राने आजवर हरकत घेतलेली नाही. काकांची अट एकच होती, नावे पाठ पाहिजेत. “आपल्या माणसांची नावं वहीत बघून घेतात होय रे?” असे ते म्हणाले होते.

या वर्षी, २१ सप्टेंबरला, नेहमीप्रमाणे तन्वी सोबत होती. माझ्या हातावर पळीने पाणी घालण्याचे काम लहानपणापासून तिचे. सहा नावे झाली. सातव्यासाठी मी तोंड उघडले आणि आत काही नव्हते. मागून सायकली जात होत्या, समोर जहाजे नांगरून उभी होती, हातातले तीळ ओले होत होते. मग एक नाव आले, ते मी मोठ्याने उच्चारले आणि पाणी सोडले. ते नाव तन्वी होते.

जिवंत माणसाच्या नावाने तीळपाणी सोडणे म्हणजे काय, हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे. तन्वीला ते कोणी शिकवलेले नाही. ती हसली आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली,

“बाबा, व्हाय मी? आय नॉट डेड यट, लाह.”

मी म्हटले, तुला हाक मारली, टॉवेल दे. तिने टॉवेल दिला. उरलेली दोन नावे मी कशीबशी उरकली आणि चालू लागलो. वाळू संपते तिथे ती थांबली.

“तुम्ही गंगाराम स्किप केला.”

या मुलीला देवनागरी अडखळत वाचता येते. पण दर वर्षी कानावर पडून नऊच्या नऊ नावे तिला पाठ आहेत, क्रमाने, हे मला त्या क्षणी कळले. आम्ही पुन्हा पाण्यापाशी गेलो. गंगारामचे नाव तिने सांगितले, पाणी मी सोडले.

सबब, ही वही आणि पितळेची पळी मी तन्वी श्रीनिवास उकिडवे हिला देतो. मुलींनी तर्पण करावे की नाही यावर ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी माझ्याशी घालावा. सध्या मी उपलब्ध आहे.

त्या दिवसापासून मी तिला एमआरटीच्या गाडीतून उतरल्यावर मेसेज करायला सांगितले आहे. ती ‘के’ एवढेच पाठवते. ते एक अक्षर आल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. सुरेखा विचारते, एवढे काय झाले? मी सांगतो, हल्ली गर्दी फार असते. किनाऱ्यावर काय झाले ते तिला हे वाचूनच कळेल. सुरेखा, तुला आधी सांगायला हवे होते.

शेवटचे कलम. याला नंबर देत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यानंतर लागू होते. माझी भीती त्याआधीची आहे. त्या काळात माझे निर्णय कोणी घ्यावेत याचा वेगळा कागद असतो, तोही मी पुढच्या आठवड्यात करणार आहे. डॉक्टरांनी मला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. दहा मिनिटांनी मी तीन सांगितले आणि उरलेल्या दोन शब्दांच्या जागी विनोद केला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या दाखल्यात ‘आजच्या तारखेला’ असे शब्द आहेत.

माझे वडील एकसष्टाव्या वर्षी आईला विचारू लागले, “बाई, आपण कुणाकडच्या?” त्याआधी वर्षभर त्यांचे मनगटी घड्याळ कोणीतरी हलवत असे.

तेव्हा आरंभीची तक्रार मी मागे घेतो. पळी मीच हलवतो. मला आठवत नाही, पण घरात दुसरे कोणी नाही. तसा दिवस आला तर माझी परीक्षा घेऊ नये. ‘ओळखा पाहू मी कोण’ असे कोणी विचारू नये. आपले नाव सांगावे आणि शेजारी बसावे.

नऊ नावांची मला आता काळजी नाही, ती तन्वीपाशी आहेत. त्या सकाळी सातवे नाव आले नाही, तेव्हा तिचे आले. मला भीती वाटते ती एवढीच, की एक दिवस ती समोर उभी असेल आणि मला तेही येणार नाही.

सिंगापूर, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
(शके १९४७, कार्तिक वद्य पंचमी)

सही: श्रीनिवास निशिकांत उकिडवे

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही:
१. धनेश रांगणेकर, मरीन परेड. (खवणी आजच आणून दिली.)
२. नीता सबनीस, वन-नॉर्थच्या कार्यालयातील सहकारी